आजीचा मोतीबिंदु आणि नातवाचा मोतीबिंदु

एकाच घरांत एकाच रोगाचे दोन रोगी असावेत, त्यांपैकीं एकास ‘सवडीनें या’ असें वैद्यानें सांगावें आणि दुसऱ्यास ‘एक आठवडाहि दवडूं नका’ असें बजावावें, हें प्रथमदर्शनीं कोणासहि विसंगतच वाटेल. आम्हांसहि तें तसें वाटलें. परंतु या विसंगतीचा उलगडा करूं गेलों, तेव्हां सस्तन प्राण्यांचा मेंदु पाहावयास कसा शिकतो याविषयींचें एक विलक्षण शास्त्र आमच्यापुढें उघडलें. आमचा जन्म शाळेंत व संस्कृत व्याकरणांत गेला; वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. तरी जें समजून घेतलें तें ज्या घरांत पाळणा हलत आहे अशा घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपुढें ठेवावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी कीं, तीन वर्षांपूर्वीं आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं, येथें अंबाजोगाईस, आली होती. यथाकाल मुलगा झाला. बाळ महिन्याचें होत आलें असतां एके दिवशीं न्हाऊं घातल्यावर आमची पत्नी त्यास ओसरीवरच्या कोवळ्या उन्हांत घेऊन बसली होती. तिनें आम्हांस हाक मारली. “अहो, इकडे या जरा. बाळाच्या उजव्या डोळ्याची बाहुली पाहा. माझ्या डोळ्यांत होतें तसेंच पांढरें दिसतें आहे कीं नाहीं?” तिचा स्वतःचा मोतीबिंदु आदल्याच वर्षीं काढला होता. आरशांत रोज पाहिलेली ती पांढुरकी झांक तिनें नातवाच्या डोळ्यांत नेमकी ओळखली.

दुसऱ्या दिवशीं येथील नेत्रवैद्यांस दाखविलें. त्यांनीं जन्मजात मोतीबिंदु असल्याचें सांगितलें व पुढील दोन-तीन आठवड्यांच्या आंत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असें निक्षून बजावलें. घरीं येतांच सल्लामसलत सुरू झाली. व्याह्यांचा दूरध्वनि आला, विहीणबाई म्हणाल्या, “एवढ्याशा जिवाला भूल द्यायची? अजून सव्वा महिना झाला नाहीं, बाळ देवीच्या पायांवर घातलें नाहीं. वर्षाचें होऊं द्या, अंगांत जरा ताकद येऊं द्या, मग बघूं.” आमचे वडील बंधु म्हणाले, “मोतीबिंदु पिकूं द्यावा लागतो. वहिनींनीं चार वर्षें पिकूं दिलाच ना? काढल्यावर दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र वाचूं लागल्या.” आमच्या बंधूंनीं ‘वहिनी’ म्हणून जो दाखला दिला, त्यास उत्तर देणें कोणासहि जमेना. खरोखरच तिनें चार वर्षें चालढकल केली होती, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशीं तिला स्वच्छ दिसूं लागलें होतें. मग नातवाचीच एवढी घाई कां?

या प्रश्नाचें उत्तर डोळ्यांत नाहीं, मेंदूंत आहे.

सुश्रुताचार्यांनीं आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचीं पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण व दृष्टि अशीं पांच मंडलें सांगितलीं आहेत, आणि कफज लिंगनाश शलाकेनें दूर करण्याचा विधिहि वर्णिला आहे. त्या काळीं हें केवढें सूक्ष्म निरीक्षण! परंतु पाहण्याचें कार्य या पांच मंडलांत संपत नाहीं. तें मस्तकाच्या पार मागच्या भागापर्यंत पोहोंचतें. गर्भ चौथ्या आठवड्यांत असतांना मेंदूच्या पुढच्या भागास दोन्ही बाजूंनीं एकेक फुगवटा येतो. तो बाहेर त्वचेपर्यंत पोहोंचला म्हणजे आंत वळून वाटीसारखा होतो. या वाटीचें आंतील अस्तर तें दृष्टिपटल. आणि वाटीच्या तोंडाशीं असलेल्या त्वचेच्या थरापासून नेत्रभिंग बनतें. म्हणजे दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर डोकावणारा अंश होय. मोतीबिंदु होतो तो भिंगास. तें दारावरचें तावदान होय. तें गढूळ झालें कीं आंत प्रकाश नीट जात नाहीं. एवढेंच जर असतें तर तावदान केव्हांहि बदलतां आलें असतें. मोठ्या माणसांत तसें येतेंहि.

मेंदूच्या ज्या भागांनीं पुढें पाहावयाचें, त्यांस आपलें काम नेमून कोण देतें? या शोधांत आपल्या मुंबईचाहि वाटा आहे. ‘एलएचएक्स-२’ नांवाचें एक जनुक ज्यांच्यांत नाहीं अशा उंदरांच्या गर्भांत डोळे तयारच होत नाहींत व पुढच्या मेंदूची वाढहि खुंटते, हें १९९७ मध्यें दिसून आलें होतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. शुभा टोळे यांनीं सहकाऱ्यांसह २००८ सालीं दाखविलें कीं, मेंदूवरील जी सुरकुतलेली साल पाहणें-ऐकणें-विचार करणें हीं कामें करते, तिला तिचें रूप याच जनुकाच्या आज्ञेनें येतें. ही आज्ञा मिळाली नाहीं तर त्या पेशी भलत्याच वळणास लागतात, आणि स्मरणाशीं संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग जेथें नसावा तेथें उत्पन्न करवितात. त्यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, ही आज्ञा गर्भाच्या एका ठराविक, थोडक्या काळांतच लागते. तो काळ उलटला म्हणजे पेशींचें भवितव्य ठरून गेलेलें असतें. या व अशा संशोधनाबद्दल डॉ. टोळे यांस २०१० सालीं भटनागर पारितोषिक व २०१४ सालीं इन्फोसिस पारितोषिक मिळालें. मेंदूच्या घडणीचें पंचांग किती काटेकोर असतें, याचें हें पहिलें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां दृष्टिपटलापासून निघणाऱ्या तंतूंकडे वळूं. मनुष्याच्या एकेका डोळ्यापासून दहा लाखांहून अधिक तंतु निघतात. दोन्ही डोळ्यांचे तंतु वाटेंत एका चौकांत भेटतात. तेथें सुमारें निम्मे तंतु आपली बाजू सोडून पलीकडे जातात व निम्मे आपल्याच बाजूस राहतात. पुढें थॅलॅमस नांवाच्या ठाण्यांत सर्वांचा मुक्काम पडतो, आणि तेथून दुसरे तंतु डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिक्षेत्रांत जातात. एवढ्या गर्दींत प्रत्येकास आपलें घर सांपडतें कसें? अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनीं १९४० नंतरच्या दशकांत बेडकासारख्या प्राण्यांचा दृष्टितंतु कापून डोळा उलटा फिरविला. तंतु पुन्हा वाढले. परंतु नव्या स्थितीशीं जुळवून न घेतां ते पूर्वीच्याच ठिकाणीं जाऊन जोडले गेले. बिचाऱ्या बेडकास सारें जग उलटें दिसूं लागलें. माशी वर असली तर तो खालीं झेप घेई, आणि जन्मभर त्याची ही चूक सुधारली नाहीं. यावरून स्पेरी यांनीं अनुमान केलें कीं, तंतु व त्यांचीं ठिकाणें यांवर जणूं रासायनिक खुणा असतात. १९९५ च्या सुमारास ‘एफ्रिन’ नांवाचीं तशीं द्रव्यें प्रत्यक्ष सांपडलीं.

येथपर्यंतचें काम प्रकाशावांचून होतें. परंतु खुणांनीं तंतूंस फक्त गल्लीपर्यंत पोहोंचवितां येतें. नेमकें घर ठरवावयास वापर लागतो. मग गर्भाशयाच्या अंधारांत वापर कसला? येथें निसर्गानें एक युक्ति केली आहे. दृष्टिपटलावर प्रकाशाचा किरणहि पडण्यापूर्वीं तेथील पेशी आपण होऊन, एकीमागून एक, विद्युत्-स्पंदनें उठवूं लागतात. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला म्हणजे जशी लहर सरकते, तशा या लहरी पटलावरून सरकतात. १९८८ सालीं इटलीच्या संशोधकांनीं उंदराच्या गर्भांत हीं स्पंदनें टिपलीं व १९९१ सालीं अमेरिकेंत कार्ला शॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या लहरी स्पष्ट दाखविल्या. शेजारच्या पेशी एका वेळीं बोलतात, दूरच्या निराळ्या वेळीं; त्यावरून कोण कोणाचा शेजारी आहे हें मेंदूस कळतें. शॅट्झ व मायकेल स्ट्रायकर यांनीं मांजराच्या गर्भांत औषधानें हीं स्पंदनें बंद केलीं, तेव्हां थॅलॅमसमध्यें दोन डोळ्यांच्या तंतूंचे जे निरनिराळे थर व्हावयाचे ते झाले नाहींत. पाठ म्हणण्यापूर्वीं विद्यार्थी मनांतल्या मनांत उजळणी करतो, तशीच ही गर्भांतील उजळणी होय.

जन्मानंतर मात्र खरा प्रकाश हवा. आतां आम्ही त्या प्रयोगाकडे आलों, ज्यामुळें आमच्या घरांतील कोडें सुटलें. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांसहि आमच्यासारखाच प्रश्न पडला होता: लहानपणींचा मोतीबिंदु काढूनहि मुलास नीट दिसत नाहीं, आणि म्हाताऱ्यास दिसतें, असें कां? त्यांनीं मांजराच्या पिल्लांचा एक डोळा, तो उघडण्याच्या वेळींच, शिवून बंद केला व तीन महिन्यांनीं उघडला. डोळा निरोगी होता, पटल शाबूत होतें. पण मेंदूच्या दृष्टिक्षेत्रांतील जवळजवळ सर्व पेशी केवळ उघड्या राहिलेल्या डोळ्याचेंच ऐकत होत्या. मिटलेल्या डोळ्यास कोणी दाद देईना. हाच प्रयोग वाढलेल्या मांजरावर केला असतां कांहींच बिघडलें नाहीं. हें १९६३ सालीं प्रसिद्ध झालें. मुक्या पिल्लांस हें सोसावें लागलें याची खंत आम्हांस वाटते; परंतु त्यामुळें आज असंख्य बालकांचे डोळे वांचतात, हेंहि कृतज्ञतेनें म्हटलें पाहिजे. १९८१ सालचें नोबेल पारितोषिक या दोघांस व स्पेरी यांस मिळून देण्यांत आलें.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. एक डोळा मिटला तर त्याचें सर्वस्व जातें. पण दोन्ही मिटले तर तितकें नुकसान होत नाहीं! याचें कारण असें कीं, हानि केवळ अंधारानें होत नाहीं, भाऊबंदकीनें होते. मेंदूच्या दृष्टिक्षेत्रांत उजव्या व डाव्या डोळ्यांच्या वाट्याचे, सुमारें अर्ध्या मिलिमीटर रुंदीचे, एकाआड एक पट्टे असतात. आपल्याकडील शेतकऱ्यांस हें सांगावयास नको. दोन भावांचीं रानें लागून असावींत, एकानें नांगर धरावा व दुसऱ्याचें रान पडीक राहावें. मग कसणारा भाऊ दरवर्षीं थोडा थोडा बांध कोरतो, आणि कांहीं वर्षांनीं पडीक रानाची नुसती पट्टी उरते. माकडांच्या मेंदूंत पुढें अगदीं असेंच दिसलें: उघड्या डोळ्याचे पट्टे रुंद झाले होते, मिटलेल्याचे अरुंद. पुढें परगांवीं गेलेला भाऊ परत आला तरी त्याच्या रानाची मोजणी कोण करून देणार? तिरळेपणांतहि हेंच होतें. दोन डोळे दोन दिशांस पाहत असले तर मेंदु गोंधळ टाळण्यासाठीं एकाचें ऐकणें सोडून देतो. मग तो डोळा दिसण्यांत धडधाकट, पण कामास आळशी होतो.

बांध कोरण्याची ही मुदत कायमची नसते. बालपण सरतां सरतां मेंदूंतील आवर घालणाऱ्या पेशी प्रौढ होतात, पेशींभोवतीं एक प्रकारचें जाळें विणलें जातें, आणि वाटण्या कायम होतात. आमच्या पत्नीच्या मेंदूंत साठ वर्षांपूर्वींच दोन्ही डोळ्यांचे सातबारे पक्के झाले होते. तिच्या भिंगावर चार वर्षें पडदा आला तरी कोणास बांध कोरतां आला नाहीं. पडदा काढतांच शेत जसेंच्या तसें. नातवाच्या बाबतींत मोजणीच चालू होती, आणि उजवा भाऊ हजर नव्हता. “मोतीबिंदु पिकूं द्यावा” हें म्हणणें म्हाताऱ्यांच्याहि बाबतींत आतां जुनें झालें आहे. बालकाच्या बाबतींत तर तें घातक होय.

मनुष्याच्या बाळाचें पंचांग थोडक्यांत असें: जन्मतः बाळास वीत-दीड वीत अंतरापर्यंतचेंच त्यांतल्या त्यांत बरें दिसतें, म्हणजे मांडीवरून आईचें मुख दिसावें इतकेंच. तिसऱ्या ते पांचव्या महिन्यांत दोन्ही डोळे एकत्र काम करूं लागतात व खोलीचें ज्ञान होऊं लागतें. पहिलीं दोन-तीन वर्षें सर्वांत नाजूक. आणि साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत डोळा आळशी होण्याची भीति व तो सुधारण्याची उत्तम संधि, या दोन्ही असतात. एका डोळ्यांतील जन्मजात दाट मोतीबिंदु सहा आठवड्यांच्या सुमारास व दोन्ही डोळ्यांतील आठ-दहा आठवड्यांच्या आंत काढावा असें नेत्रवैद्य सांगतात, तें यासाठीं.

आतां एक कबुली. त्या दिवशीं घरच्या सल्लामसलतींत आम्ही शस्त्रक्रियेच्या बाजूस उभे राहिलों, तें शास्त्र ठाऊक होतें म्हणून नव्हे. नोकरींतील सुरुवातीच्या काळीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. तो फळ्यावरचें उतरून घेतांना मान वांकडी करी, ओळी गाळी, चेंडू त्याच्या हातीं कधीं लागत नसे. आम्ही त्यास आळशी ठरविलें, मागच्या बांकावर बसविलें, छडीहि मारली. पंधराव्या वर्षीं एका शिबिरांत त्याचा डावा डोळा झांकून पाहिला, तेव्हां उजव्या डोळ्यानें त्यास बोटें मोजतां येईनात. डोळ्यांत कांहीं दोष राहिला नव्हता. लहानपणीं चष्मा मिळाला असता तर काम झालें असतें. आतां वेळ गेली, असें त्याच्या वडिलांस सांगण्यांत आलें. आळशी त्याचा डोळा होता आणि आंधळे आम्ही होतों. तो गृहस्थ आज भेटला कीं आदरानें नमस्कार करतो, आणि आम्हांस त्याच्या डोळ्यांकडे पाहवत नाहीं.

‘वेळ गेली’ हें वाक्य मात्र अगदींच शेवटचें समजूं नये. दिल्लीच्या भागांत पवन सिन्हा या शास्त्रज्ञांनीं चालविलेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पांत जन्मतः मोतीबिंदु असलेल्या, पण आठ, दहा, पंधरा वर्षांचीं झालेल्या मुलांच्याहि शस्त्रक्रिया करण्यांत आल्या. हातानें चांचपून ओळखलेली वस्तु डोळे उघडतांच नुसती पाहून ओळखतां येईल काय, असा प्रश्न मॉलिन्यू यांनीं १६८८ सालीं तत्त्वज्ञांस घातला होता. त्याचें उत्तर या मुलांनीं २०११ सालीं दिलें. आरंभीं तशी ओळख पटली नाहीं. पण कांहीं दिवसांतच पटूं लागली. त्यांची नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाहीं, तरी तीं मुलें वावरूं लागलीं, चेहरे व वस्तु ओळखूं लागलीं. म्हणून ज्या मुलाची वेळ चुकली त्यासहि घरीं बसवूं नये. परंतु पुष्कळ दिवसांनीं थोडें मिळविण्यापेक्षां वेळेवर पुष्कळ मिळवावें, हें शहाणपणाचें.

आमच्या या गांवीं दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरण लिहिलें. पंचभूतांपासून हा देह व इंद्रियें कशीं झालीं त्याचा विचार त्यांत आहे. बालकाचा मेंदु आम्हांस त्या पासोडीसारखा वाटतो. कापड गर्भांतच विणून मिळतें. अक्षरें पुढें प्रकाशानें उमटवावयाचीं असतात, आणि दौत फार दिवस ओली राहत नाहीं.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच गांवीं आहे. मराठवाड्यांतलेच डॉ. तात्याराव लहाने यांस नेत्रसेवेबद्दल २००८ सालीं पद्मश्री मिळाली, आणि शिबिरांमुळें मोतीबिंदूची शस्त्रक्रिया खेड्यांतील म्हाताऱ्यांसहि परिचयाची झाली. पण त्यामुळेंच कीं काय, मोतीबिंदु म्हणजे म्हाताऱ्यांचा रोग अशी समजूत दृढ आहे. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडींत व शाळेंत तपासणी होते. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. घरच्या मंडळींनीं एवढें पाहावें: बाहुलींत पांढरी झांक दिसते काय? (ती कधीं कधीं डोळ्यांतील कर्करोगाचीहि खूण असते, मग प्रश्न नजरेचा राहत नाहीं, जिवाचा होतो.) दोन-तीन महिन्यांचें बाळ आईच्या मुखाकडे पाहतें काय? चार महिन्यांनंतरहि डोळा तिरळा राहतो काय? एक डोळा झांकला तर मूल चालतें आणि दुसरा झांकला तर रडतें काय? यांपैकीं कांहींहि दिसलें तर ‘मोठेपणीं आपोआप सरळ होईल’ म्हणूं नये, आणि ‘मुलीच्या जातीला चष्मा नको’ हें तर मनांतहि आणूं नये. चष्मा लग्नास आड येत असेल तर तें लग्न मोडलेलेंच बरें.

नातवाची शस्त्रक्रिया सातव्या आठवड्यांत मोठ्या शहरांत झाली. शस्त्रक्रिया हा कार्याचा आरंभच होय, हें आम्हांस नंतर कळलें. जाड भिंगाचा चष्मा आला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठराविक तास पट्टी लावण्याचें व्रत सुरू झालें. कसणाऱ्या भावाचा नांगर थोडा वेळ थांबविल्याखेरीज दुसऱ्यास बांध परत मिळत नाहीं. बाळ पट्टी ओढून काढी, आमची कन्या रडे. मग विहीणबाईंनींच तें काम आपल्याकडे घेतलें. पट्टीवर रोज नवें चित्र काढून त्या ती लावीत. कधीं मोर, कधीं गणपति. त्या मुदतींत त्यांनीं एकहि दिवस चुकूं दिला नाहीं.

गेल्या नवरात्रांत मंडळी योगेश्वरीच्या दर्शनास येथें आली होती. उजव्या डोळ्याची नजर डाव्याइतकी नाहीं, आणि कदाचित् होणारहि नाहीं. पण देवळाच्या आवारांत डावा डोळा पट्टीखालीं असतां त्यानें दीपमाळेवर बसलेला पोपट बोटानें दाखविला. आम्हांस तो दिसला नव्हता. आजीस दिसला होता.